न पाहिलेल्या सुनेचा ओटा

काकाजींनी माझ्या हातातलं पत्रक घेतलं, चष्मा लावून पूर्ण वाचलं, उलटून मागची कोरी बाजूही पाहिली आणि मला विचारलं, "बाई, यात खर्च कोठी लिहिला?"

सालेकशाचा आठवडी बाजार होता. मी संघटनेत नवी होते. पत्रक मीच लिहिलेलं, मथळा मोठ्या अक्षरात: 'जातीची चूल विझवा!' मला तो मथळा फार आवडायचा. बाजारात लोक पत्रक घेत, त्यात फुटाणे बांधत आणि पुढे जात. पूर्ण वाचणारा हा पहिलाच माणूस. उंच, वाकलेला, डोक्याला पांढरा दुपट्टा, हातात वांग्यांची पिशवी.

"कसला खर्च?" मी विचारलं.

"चूल विझवा म्हनता ना? मंग रांधायचं कोठी? नवी चूल मांडा लागन. ते कोन मांडन, कोठी मांडन, त्याले काय लागन, कोनाच्या अंगावर येईन, काहीच नाही लिहिलं. नुसती विझवा म्हनता."

मी तावातावानं काहीतरी उत्तर दिलं. समतेला किंमत नसते वगैरे. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं, पत्रकाची घडी केली, बंडीच्या आतल्या खिशात ठेवली आणि म्हणाले, "घरी या एक दिवस. मले एक अंदाज काढायचा आहे."

त्यांचं नाव दुलीचंद टेंभरे. गाव सालेकशाच्या अलीकडे, रेल्वेलाइनला खेटून. त्यांच्या घरामागची सांदवाडी, म्हणजे परसबाग, जिथं संपते तिथं काट्यांचं कुंपण आणि कुंपणापलीकडे थेट रूळ. गाडी गेली की वालाच्या वेलावरची फुलं हलत. एवढ्या मोठ्या घरात राहणारी माणसं दोनच: काकाजी आणि त्यांची थोरली बहीण. तिला सगळं गाव मोठीबाई म्हणायचं.

अडचण सांगायला त्यांना फार वेळ लागला नाही. मुलगा हेमंत भिलाईला नोकरीला. त्यानं तिकडच्याच रजनी नावाच्या एका नर्सशी कोर्टात लग्न केलं. मुलगी समाजातली नव्हती. लग्नाला दीड वर्ष झालं तरी दोघं गावी आलेली नव्हती, कारण मोठीबाईनं सांगून टाकलं होतं: पोरगी घरात येईल, ओसरीत बसेल, खाटेवर झोपेल, रांधणघराच्या उंबऱ्याआत पाय नाही ठेवणार. रांधणघरात देवाची चौरी होती. मातीचा एवढासा ओटा, त्यावर दिवा. जिथं चौरी तिथं परक्याचा पाय नाही.

आणि हेमंतनं फोनवर सांगितलं होतं: जिथं माझ्या बायकोला चुलीजवळ जाता येत नाही, तिथं मी जेवणार नाही.

मला हे ऐकून आनंद झाला. खरंच झाला. असा मुलगा पाहिजे, असं मी मोठ्यानं म्हटलंसुद्धा. तेवढ्यात मोठीबाई आतून पाण्याचा लोटा घेऊन आली. लहानखुरी, ताठ, हातांवर गोंदण. लोटा माझ्यासमोर जमिनीवर ठेवून तिनं विचारलं, "तू कोनाची वं?"

"माणसाची," मी म्हटलं.

"ते तं दिसूनच राहिलं," ती म्हणाली आणि आत गेली. पोह्यांची ताटली मग काकाजींच्या हातून बाहेर आली.

मी त्यांना तिथल्या तिथं सुनावलं. म्हटलं, उद्या सुनेला घेऊन या आणि सरळ हाताला धरून आत न्या. काय करेल मोठीबाई? दोन दिवस रडेल. ही अस्पृश्यताच आहे, तुम्ही तिला देव म्हणता एवढंच.

"तुमचं बरोबर आहे," ते म्हणाले. मला चिडवायचा त्यांचा हा खास मार्ग होता. पूर्ण कबूल करायचे आणि मग आपलंच करायचे. "पन मोठीबाई लग्नाच्या दुसऱ्या साली पांढऱ्या कपाळानं घरी आली. हेमंतची माय गेली तवा पोट्टं रांगत होतं. तिनंच वाढवलं. तिच्या हाती जमीन नाही, पोर नाही. एक चौरी आहे. ते बी मी हिसकून घेऊ?"

"मग सून?"

"म्हनून तं तुमाले बलावलं. बाहेर रांधणघर बांधतो. सांदवाडीत. चांगलं, पक्कं."

म्हणजे सुनेला घराबाहेर काढणार! मी उठूनच उभी राहिले. पायात चपला घातल्या. मग ते म्हणाले, "सुनेसाठी नाही बांधत बाई. माह्यासाठी बांधतो. ते चूल पेटली का मी अंदर जेवन नाही. हेमंत नाही, रजनी नाही, मी बी नाही. घरच बाहेर येते. मंग कोनं कोनाले बाहेर काढलं, सांगा?"

मी म्हटलं, पटत नाही. आजही पटत नाही. पण त्यानंतर मी त्या गावाकडे गेले की त्यांच्या घरी जायचेच.

त्यांनी ते रांधणघर ज्या पद्धतीनं ठरवलं, तसं मी कुणाला काही ठरवताना पाहिलेलं नाही. आधी धूर. एका टोपल्यात ओल्या गोवऱ्या पेटवून ते सांदवाडीच्या एका कोपऱ्यात बसायचे आणि धूर कुठं जातो ते बघायचे. दुसऱ्या दिवशी दुसरा कोपरा. सकाळी वेगळा वारा, दुपारी वेगळा. मोठीबाईच्या खोलीच्या खिडकीत धूर जाता कामा नये, ही पहिली अट. दुसरी, रांधणाऱ्याच्या डोळ्यांत जाता कामा नये. कुंपणावरून लोक विचारायचे, "काऊन काकाजी, मच्छर मारून राहिले का?"

"नाही बापा, बजेट करून राहिलो."

"धुराचं?"

"धुराले पैसा नाही लागत. तो चुकीच्या जागी गेला तं लागते."

मग चुन्याच्या फक्कीनं जमिनीवर रेघा. इथं ओटा, इथं मोरी, इथं भांडी घासायला दगड, हे सांडपाणी वाहून केळीला. रेघा पुसल्या जायच्या, पुन्हा ओढल्या जायच्या. कोंबड्या त्यावरून चालत जायच्या. खर्चाचा हिशेब ते रुपयांत करत नसत. धानाच्या पोत्यांत करत. सिमेंट म्हणजे इतकी पोती, रेतीची खेप म्हणजे इतकी, मिस्त्री म्हणजे इतकी. "रुपया सांगतला तं समजत नाही काय गेलं ते. पोतं सांगतलं का दिसते." प्रत्येक कामाचे तीन अंदाज असतात असं त्यांचं म्हणणं होतं: एक घरच्यांना सांगायचा, एक मिस्त्रीला सांगायचा आणि तिसरा जो शेवटी होतो तो.

छताचा वाद दोन महिने चालला. मिस्त्री छत्तीसगडचा, बिसाहू नावाचा. तो म्हणायचा, "टीन डाल दो बाबूजी, झंझट खतम." काकाजी म्हणायचे, उन्हाळ्यात टिनाखाली माणूस शिजते, भात कच्चा राहते. कवेलूच पाहिजे, मातीची कौलं. पण नवे कवेलू अंदाजात बसेनात. शेवटी त्यांनी बैलांचा कोठा उतरवला. बैल विकून तीन वर्षं झाली होती, ट्रॅक्टर भाड्यानं यायचा, कोठा रिकामाच होता. तरी कवेलू उतरताना ते तिथं थांबले नाहीत, शेताकडे निघून गेले. जाताना मला म्हणाले, "याचा खर्च मी पकडलाच नव्हता पहा."

ओट्याच्या उंचीचं मात्र त्यांना काही केल्या जमेना. मोठीबाई खाली बसून रांधते. हेमंत म्हणाला होता, रजनी उभ्यानं करते, गॅसवर. म्हणजे उभ्याचा ओटा पाहिजे, त्यावर एका बाजूला चूल, एका बाजूला शेगडीची जागा. पण किती उंच? त्यांनी सुनेला पाहिलेलं नव्हतं. कोर्टाच्या दारातला एकच फोटो आला होता, त्यात ती खुर्चीवर बसलेली. फोन करून मुलाला बायकोची उंची विचारणं त्यांना कसंतरी वाटत होतं.

एक दिवस मी गेले तर म्हणाले, "बाई, जरा इथं उभ्या राहता का?" भिंतीला पाठ लावून मी उभी राहिले. त्यांनी माझ्या कोपराजवळ कोळशानं खूण केली. हात न लावता, दूर उभं राहून, लांब काडीनं.

"रजनी तुमच्यावढीच असन," ते म्हणाले. "नर्स लोक उंच रायतेत."

हे त्यांना कुणी सांगितलं होतं देव जाणे.

आणि मग ओटा बांधला, आणि चुकला. चूक अशी: एका भिंतीच्या विटा वाचाव्यात म्हणून त्यांनी नव्या रांधणघराची मागची भिंत बांधलीच नाही. घराचीच भिंत धरली, तिला ओटा चिकटवला. तीन बाजू उघड्या, चौथी घराची. धुराचं बसत होतं, अंदाजात बसत होतं, बिसाहूलाही पटलं होतं. ओटा वाळला, चूल लिंपून झाली. त्या दिवशी मोठीबाई पहिल्यांदा सांदवाडीत आली. तिनं ओट्याकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, भिंतीवर तळहात ठेवला.

"दुल्या," ती म्हणाली, "याच्यामागं काय आहे?"

काकाजींचा चेहरा उतरला. त्या भिंतीच्या आतल्या अंगाला रांधणघर होतं. आणि नेमकी तिथंच चौरी.

"माह्या देवाच्या पाठीले तिची चूल लावली तू."

तिचा आवाज चढला नव्हता. मी मध्ये पडले. म्हटलं, मोठीबाई, देवाला पाठ असते का? तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. आयुष्यभर त्या घरात राहिलेल्या, धुराचासुद्धा हिशेब करणाऱ्या माणसाला भिंतीपलीकडे काय आहे ते आठवू नये! पण त्यांच्यासाठी ती नेहमी 'अंदरची' भिंत होती. बाहेरून त्यांनी ती कधी पाहिलीच नव्हती.

ओटा फोडला. बिसाहू फोडताना पुटपुटत होता, "भगवान का पीठ, भगवान का पेट, हम तो दीवार समझे रहे." दुसऱ्यांदा बांधायचं तर घरापासून दूर, पार कुंपणाकडे, रुळांच्या बाजूला जागा उरली. चारी खांब नवे, भिंत नवी, पाणी लांबून. काकाजींनी पुन्हा फक्कीच्या रेघा ओढल्या. त्या वर्षी त्यांनी घरी खायला ठेवलेल्या धानातलं धान विकलं.

मी म्हटलं, आता तरी बस करा. इतकं धान घालून तुम्ही एका अन्यायाला छप्पर घालताय. त्यापेक्षा एकदा भांडा.

ते रेघेवरच्या कोंबडीला हाकलत म्हणाले, "भांडन स्वस्त पडते बाई. मले माहीत आहे. पन भांडनात जो हरते तो बी माह्याच घरचा असते."

दिवाळीनंतर आमच्या भागात गावोगाव मंडई भरते. पाव्हणे येतात, दुकानं लागतात, नाटकं होतात, लेकी-सुना माहेरी-सासरी फिरतात. हेमंत आणि रजनी मंडईला यायचं ठरलं. काकाजींनी मलाही बोलावलं होतं. नवं रांधणघर लिंपून, खडूनं कडा रेखून तयार होतं. कवेलूंखाली सावली गार होती. एका मडक्यात तांदूळ धुऊन भिजत घातले होते. काकाजींनी नवा दुपट्टा बांधला होता आणि गाडी यायच्या कितीतरी आधीपासून ते कुंपणाशी उभे होते.

रजनी आली. ठेंगणी, गोल चेहऱ्याची, हसरी. मोठीबाईएवढीच, कदाचित थोडी कमीच.

काकाजींनी तिच्याकडे पाहिलं, मग ओट्याकडे पाहिलं. ती पाया पडत होती तर यांचं लक्षच नव्हतं. आशीर्वाद देऊन झाला तसे ते लगबगीनं उतरवलेल्या कोठ्याच्या ढिगाकडे गेले आणि दोन विटा घेऊन आले. ओट्यासमोर मांडल्या, पायानं दाबून हलतात का पाहिल्या.

"बाबूजी, ये किसलिए?" तिनं विचारलं.

"उंची चुकली बेटा. इनकी ले ली थी." त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

ती खळखळून हसली. विटांवर चढली. "अब देखिए, मैं आपसे भी ऊँची." तिनं चहा टाकला. चूल पहिल्याच काडीला पेटली आणि धूर नेमका कुंपणावरून रुळांकडे गेला, जसा त्यांनी ठरवला होता तसा. काकाजींनी माझ्याकडे बघून भुवई उडवली. मी त्यांना इतकं खूश त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

हेमंत चहा घेत नव्हता. तो घराकडे आणि या नव्या छपराकडे आळीपाळीनं बघत होता, मधल्या अंतराकडे बघत होता.

"बाबा, हे काय आहे?"

"रांधणघर."

"एवढ्या दूर? रुळाजवळ? आमाले घराबाहेर काढायले एवढा खर्च केला?"

मला वाटलं, आता ते सांगतील. मला सांगितलं होतं तसं, घरच बाहेर येते म्हणून. पण मुलासमोर त्यांना ते वाक्य बोलता आलं नाही. ते म्हणाले, "तांदूळ भिजत घातले आहेत."

त्याच वेळी घराच्या मागच्या दारात मोठीबाई उभी राहिली. तिथूनच तिनं हाक मारली, "हेमंता, ये बाबू. उडदाचे वडे केले आहेत. तुह्यं ताट वाढलं."

एकच ताट. तिनं त्याला कडेवर घेऊन वाढवलं होतं. तिला वाटलं असेल, वडे म्हटल्यावर तो येईल. ती दारात हात पुसत उभी होती, काकाजी चुलीजवळ, रजनी विटांवर. मधे सांदवाडी.

हेमंत कुठंच जेवला नाही. त्यानं पिशवी उचलली. रजनी हळूच म्हणाली, "थोड़ा खा लेते हैं ना, बाबूजी ने इतना..." तो "चल" म्हणाला. तिनं चहाचे कप धुतले, ओट्यावर पालथे घातले, काकाजींच्या पाया पडली, मग दूरवर दारातल्या मोठीबाईलाही हात जोडले. दुपारच्याच गाडीनं दोघं परत गेली. मंडईचा लाऊडस्पीकर वाजत होता.

मी मोठीबाईला बोलायला गेले. खूप काही बोलायचं होतं मला. ती रांधणघरात चौरीसमोर बसली होती, ते ताट पुढ्यात. मी उंबऱ्याच्या बाहेर उभी. तिनं मान वर करून विचारलं, "लहानपनी तिखट खात नव्हता. आता खाते का?"

मला माहीत नव्हतं. मी परत फिरले.

काकाजींनी मात्र बोललेलं पाळलं. नवी चूल पेटली होती, त्यामुळे त्यांनी आत जेवणं बंद केलं. रोज सकाळ-संध्याकाळ सांदवाडीच्या टोकाला स्वतः भात टाकायचे, स्वतःच जेवायचे. मोठीबाईला त्या चुलीवरचं चालत नव्हतं, ती आत तिचं तिचं करायची. दोघं ओसरीत एकत्र बसायची, एकमेकांना औषधाची आठवण करायची, कोण आजारी कोण मेलं ते सांगायची आणि जेवायच्या वेळी उठून दोन दिशांना जायची. त्या लाइनवरून जाताना मला गाडीतून दिसायचं: एका घरातून दोन धूर निघताहेत. मला त्याचा संताप यायचा. दोन म्हातारी माणसं, दोन चुली, दोन मुठी तांदूळ. याच्यावर एक पत्रक लिहावं असं कितीदा मनात आलं. मथळा सुचायचा, पुढे सरकायचं नाही.

मोठीबाई काही वर्षांनी गेली. हेमंत एकटाच आला. रजनीचं मूल लहान होतं, ते तापानं आजारी होतं. केस काढून तो ओसरीत बसला होता. तेराव्यानंतर त्यानं गॅसचं कनेक्शन घेऊन दिलं, रांधणघरात शेगडी मांडली आणि म्हणाला, "बाबा, आता अंदर करा. आता कोन अडवते? आमी येत जाऊ."

"नाही," काकाजी म्हणाले.

मी तिथंच होते. मलाही राहवलं नाही. "काकाजी, आता कशाला? ज्यांच्यासाठी पाळलं त्या गेल्या."

"ते होती तवा तिच्यासमोर उंबरा मोडाची माही हिंमत झाली नाही," ते म्हणाले. "आता तिच्या पाठीमागं मोडू? तुमी या, दोघं या, पोराले आना. बाहेर या. चूल बाहेरच आहे."

हेमंतनं माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. त्या क्षणी आम्ही दोघंही एकाच बाजूला होतो आणि दोघांचाही काही उपयोग नव्हता. तो दुसऱ्या दिवशी गेला. जाताना म्हणाला, "येतो." सगळेच म्हणतात तसा.

मी आजही म्हणते की काकाजी चुकले. उंबरा ओलांडायला हवा होता, ती जिवंत असताना, तिच्या डोळ्यांदेखत. ते माझ्या पत्रकाला विचारायचे तो खर्च त्यांनी शेवटी सगळा स्वतःच्या अंगावर घेतला, आणि असा घेतला की दुसऱ्या कुणाला वाटाही उचलता येऊ नये. हे मी त्यांना तोंडावर सांगितलं होतं. ते म्हणाले, "तुमचं बरोबर आहे."

नंतर माझं काम देवरीकडे गेलं, मग कोहमाऱ्याकडे. सालेकशाला जाणं सुटलं. मधे एकदा हिवाळ्यात दुर्गहून पॅसेंजरनं गोंदियाला येत होते. ते गाव यायच्या आधीच मी दाराशी येऊन उभी राहिले. गाडी सिग्नलला हळू झाली.

घराच्या कवेलूंवर गवत उगवलं होतं. तिकडून धूर नव्हता. कुंपणाशी होता, एक, सरळ वर जाऊन रुळांकडे वळणारा. छपराखाली ओटा लिंपलेला, नवा दिसत होता. ओट्यासमोर त्या दोन विटांच्या जागी आता सिमेंटची पायरी होती, पक्की, घोटून गुळगुळीत केलेली. बिसाहूला पुन्हा बोलावलं असणार. त्या पायरीवर काकाजी बसले होते, मांडीवर ताटली, हातात फुंकणी. गाडीचा आवाज आला तसे ते उठले.

मी दारातून ओरडले, "काकाजी!" डब्यांच्या खडखडाटात त्यांना ते ऐकू गेलं नसावं. ते एकेका खिडकीकडे बघत होते, मान हळूहळू फिरवत. माझ्या दारावरून त्यांची नजर गेली आणि पुढच्या डब्याकडे गेली. फुंकणीचा हात त्यांनी वर केला होता, सगळ्या गाडीसाठी. शेवटचा डबा जाईपर्यंत तो तसाच वर होता.